क्वचित घेते, असं मी म्हणालो

फेस पहिल्यांदा तिला दिसला. कमोडमधल्या पाण्यावर, साबणाच्या पाण्यावर यावा तसा, आणि फ्लश केल्यावरही कडेला रेंगाळणारा. माझी बायको असल्या गोष्टी सहसा बोलत नाही. ती निफाडकडच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरच्या बायका असलं काही झालं की ते आपोआप बरं होण्याची वाट पाहतात आणि नाहीच झालं तर थोरल्या बहिणीच्या कानात सांगतात. थोरली बहीण आता नाही, म्हणून तिनं मला सांगितलं.

मी पेपर वाचत होतो. "संडास धुवायचं नवीन लिक्विड आणलंय ना, त्याचा असेल," असं म्हणून मी पान उलटलं. पुढच्या महिन्यात लिक्विडची कंपनी बदलली. फेस तसाच. पुन्हा बदलली. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस मी. एखाद्या भागावर केसाएवढा चरा दिसला तर सगळा लॉट परत पाठवायचो आणि त्याचा मला अभिमान होता. घरात मात्र सहा महिने मी संडासाच्या लिक्विडचीच तपासणी करत बसलो.

तिला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे दुखतात तो नव्हे. हा दुसरा, ज्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. बेचाळिसाव्या वर्षी सुरू झाला. सकाळी तासभर मूठ वळायची नाही, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापता यायचा नाही. पुढे बोटं करंगळीच्या बाजूला कलत गेली. आता तिचा हात टेबलावर ठेवलेला पाहिला की वाऱ्यानं झुकलेल्या पिकासारखा दिसतो. ही उपमा मी एका लेखात वापरली होती. लोकांना आवडली होती.

सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही गंगापूर रोडवरच्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे जायचो. डॉक्टर हुशार होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्यांची वेटिंग रूम! तीन भिंतींवर प्रमाणपत्रं, चौथ्या भिंतीवर कुणा ना कुणा मंत्र्याबरोबरचे फोटो, काचेच्या कपाटात स्मृतिचिन्हांची दाटी, आणि दरवाजाच्या वर एका चौकटीत त्यांचंच एक सुवचन, त्याखाली त्यांचीच सही. डॉक्टर गाडीतून उतरले की एक मदतनीस बॅग घ्यायचा, दुसरा दार उघडायचा आणि तिसरी बाई आम्हा पेशंटांकडे अशा नजरेनं बघायची की ज्यांना उभं राहता येत होतं ते उभे राहायचे. ज्यांना सांध्यांमुळे उभं राहता येत नव्हतं त्यांचे चेहरे ओशाळायचे.

यावर न लिहिणं मला शक्य नव्हतं. कारखान्यात असल्यापासून मी विनोदी लेख लिहायचो. निवृत्तीनंतर त्यांची तीन पुस्तकं झाली. त्या डॉक्टरांवरचा लेख सगळ्यात गाजला. दर तीन महिन्यांनी ते रक्त आणि लघवी तपासायला सांगत. औषधं जोरकस आहेत, लिव्हर आणि किडनीकडे लक्ष ठेवावं लागतं, असं त्यांनी एकदा नीट समजावूनही सांगितलं होतं. मी त्याला ‘रक्ताचा रतीब’ म्हटलं. लघवीच्या बाटलीवर तर एक सबंध परिच्छेद होता. तो लेख मी निदान पंधरा कार्यक्रमांत वाचून दाखवला असेल. त्या परिच्छेदाला हशा ठरलेला. बायको पहिल्या रांगेत बसलेली असायची आणि तीही हसायची. रक्त तिचं होतं, बाटली तिची होती, हे माझ्या कधी मनातच आलं नाही.

लॉकडाऊनमध्ये तपासण्या थांबल्या आणि नंतर सुरू झाल्या नाहीत. मी म्हणालो, "तुझं आता स्थिर आहे. उगाच कशाला त्या दरबारात जायचं?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." सांध्यांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मुख्य गोळी लिहून देणारं कुणी उरलं नाही, ती बंद पडली. मग दुखणं वाढलं. मग मी पंचवटीतल्या माझ्या जुन्या ओळखीच्या औषधवाल्याकडून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणायला लागलो. त्याला चिठ्ठी लागत नव्हती. मी भाजी घ्यायला पुलापलीकडे गेलो की तो लांबूनच विचारायचा, "वहिनींची ना? तीच का?" मी मान डोलवायचो आणि मेथीच्या जुडीशेजारी पिशवीत दोन पाकिटं पडायची. सगळा व्यवहार इतका साधा, इतका बिनदिखाव्याचा, की मला तो आवडायचा. ना चौकटीतलं सुवचन, ना मदतनीस. चार वर्षं असं चाललं.

इथं सत्कारांबद्दल सांगायला हवं. मी सत्कारांच्या विरुद्ध आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मानपत्र या सगळ्याची मी मनापासून टिंगल करतो, आणि ती टिंगल ऐकायला लोकांना इतकी आवडते की ते मला सत्कारालाच बोलावतात. मी जातो, सत्कारांच्या विरुद्ध अर्धा तास बोलतो आणि शाल घेऊन घरी येतो. आमच्या कपाटाचा एक खण शालींनी भरलेला आहे. निमंत्रणात ‘सपत्नीक यावे’ असं असतंच, कारण माझ्या हातात नारळ दिल्यावर कुणीतरी ताई येऊन बायकोची खणानारळानं ओटी भरतात आणि फोटो निघतो. म्हणजे तिला यावं लागायचं. म्हणजे साडी नेसावी लागायची. म्हणजे दोन-तीन तास पहिल्या रांगेत ताठ बसावं लागायचं. त्यासाठी निघण्याआधी ती एक जादा गोळी घ्यायची. पाण्याचा ग्लास मीच द्यायचो. "लवकर आटप, अध्यक्ष येऊन बसतील," असं म्हणायचो.

साडी ‘लागायची’ असं मी लिहिलं, पण ती सक्ती कुणाची, तेही सांगतो. मुलगी पुण्याला बँकेत आहे. तिनं एकदा आईसाठी दोन ढगळ कुर्ते आणि इलास्टिकच्या पँटी आणल्या होत्या. "आई, तुला सोपं पडेल." बायको एका संध्याकाळी तो ड्रेस घालून बाहेरच्या खोलीत आली. माझे तीन मित्र बसले होते. मी म्हणालो, "या! आमच्याकडे आज कॉलेजकुमारी आल्यात, ॲडमिशन मिळाली वाटतं." मित्र हसले. ती पण हसली, चहाचं विचारून आत गेली आणि साडी नेसून चहा घेऊन आली. ते दोन ड्रेस त्यानंतर मी पाहिले नाहीत. खरं म्हणजे ते दिसत नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दिवाळीनंतर मुलगी आली तेव्हा आईच्या पायाला तेल लावायला बसली आणि थांबली. घोट्याच्या वर अंगठा दाबला, उचलला, तर तिथे खळगा तसाच. "आई, हे काय?" तिनं पुन्हा दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बाबा, हिची शेवटची लघवीची तपासणी कधी झाली होती?"

"झाली असेल की मध्ये," मी म्हणालो.

"मध्ये म्हणजे? तुमचा तो लेख यायच्या आधी की नंतर?"

दुसऱ्या दिवशी तीच आईला लॅबमध्ये घेऊन गेली. लघवीतून भरपूर प्रोटीन जात होतं. फेस त्याचा होता. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, रक्तात साठून दोन पॉइंट चारवर गेलं होतं; तिच्या जुन्या फायलीतल्या शेवटच्या रिपोर्टमध्ये ते पॉइंट आठ होतं. रक्तदाबही चढलेला. मुलीनं किडनीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, फाइल क्रमानं लावून दिली आणि सुट्टी संपली म्हणून पुण्याला गेली. जाताना मला म्हणाली, "बाबा, तिथे विनोद करू नका. फक्त विचारतील ते सांगा."

मी विनोद केला नाही. त्याहून वाईट केलं.

किडनीच्या डॉक्टर तरुण होत्या, चाळिशीच्या आतल्या. खोली लहान, भिंतीवर फक्त एक कॅलेंडर आणि हात धुण्याची सूचना. टिंगल करण्यासारखं मला तिथे काहीच सापडलं नाही, आणि त्यामुळे मी जरा बिचकलोच. त्यांनी फाइल वाचली, बायकोचे पाय पाहिले, मग माझ्याकडे बघून हसल्या. "सर, तुम्ही लिहिता ना? आमच्या बाबांकडे तुमची पुस्तकं आहेत. ते म्हणतात, शहरात एवढा एकच शहाणा माणूस उरलाय."

मी विनयानं मान खाली घातली. ती मी बऱ्याच व्यासपीठांवर घातलेली असल्यामुळे चांगली जमते.

मग त्यांनी सांगितलं, अगदी सोपं करून. "काकूंच्या बाबतीत दोन शक्यता आहेत. एक, गोळ्या. संधिवाताचे पेशंट दुखणं थांबवायच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतात, त्यानं किडनीला असं होतं. तसं असेल तर गोळ्या बंद करून काही आठवडे थांबता येतं, बऱ्याचदा थोडं मागं येतं. दोन, सांध्यांचा आजारच किडनीत उतरला असेल. तसं असेल तर थांबून चालत नाही, बायॉप्सी करावी लागते. पाठीतून सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढायचा." त्यांनी पेन उचललं. "तर काकू, दुखण्याच्या गोळ्या किती घेता?"

प्रश्न काकूंना होता. पण आमच्या घरात डॉक्टरांशी, बँकेशी, महापालिकेशी मी बोलतो. आणि समोर जी बसली होती तिच्या वडिलांकडे माझी पुस्तकं होती.

"क्वचित घेते," मी म्हणालो. "फारच दुखलं तर."

बायकोनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "हो ना काकू?"

"हं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. क्वचित. मला तो शब्द उलट्या बाजूनंही वाचता आला. "मग बायॉप्सी करूया. पुढच्या गुरुवारी. एक दिवस ॲडमिट व्हावं लागेल. त्याआधी सोनोग्राफी करून घ्या. आणि सर, ती क्वचितची गोळीसुद्धा आता नको."

रिक्षात बसल्यावर बायको बाहेर बघत होती. मी म्हणालो, "घाबरू नकोस, बारीक सुई असते." ती म्हणाली, "मी कुठं घाबरतेय." घरी येऊन मी गोळ्यांची सगळी पाकिटं गोळा केली, शालींच्या खणात मागे टाकली आणि सांगितलं, "आता बंद म्हणजे बंद." आणि मग मी स्वतःला पटवलं की आता ती क्वचितसुद्धा घेत नाही, म्हणजे मी जे बोललो ते आजपासून तरी खरंच आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे असले युक्तिवाद पकडून त्यावर लेख लिहिले. हा पकडायला कुणी नव्हतं.

चार दिवस गोळी नाही म्हणून ती भिंतीला धरून चालत होती.

सोमवारी सोनोग्राफीला गेलो. पोटभर पाणी पिऊन लघवी थांबवायची, जोर आला की सांगायचं, अशी तिथली पद्धत. बायकोनं बाटली हातात धरली, दोन घोट घेतले आणि थांबली. "आणखी प्या मावशी," तिथली आया म्हणाली. धिप्पाड, हसरी बाई. "दोन घोटांनी काय भरतंय? ही आख्खी संपवायचीय." बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं तिला तहान नाही. मी म्हणालो, "पी ग, पाणीच आहे." तिनं सगळी बाटली संपवली.

तपासणी झाली. आतल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता लघवी करून या, पुन्हा बघायचंय. ती घाईनं गेली. मी बाकावर बसून राहिलो. पाच मिनिटं झाली, सात झाली. मग आया संडासाच्या बाजूनं बाहेर आली आणि भरल्या हॉलमध्ये मला म्हणाली, "काका, त्या मावशी तुमच्याच ना? अहो परकराची नाडी सुटत नाय त्यांना. लय घट्ट बसलीय गाठ. त्यांच्या बोटात काय जोर नाय हो! बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. मी सोडली."

मी उभा राहिलो. "बरं झालं," असं काहीतरी म्हणालो.

"घरी कोण सोडतं मग?" आयानं विचारलं. तोवर बायको पदर नीट करत बाहेर आली होती आणि तिच्या साडीचा खालचा काठ ओला होता. आयानं तिलाच विचारलं, "मावशी, घरी कसं करता ओ?"

"घरी मी पाणीच बेतानं पिते," बायको म्हणाली. जशी एखादी बाई मीठ बेतानं टाकते म्हणून सांगेल तशी. "सकाळी जाऊन घ्यायचं, दुपारी एकदा. तेवढ्यापुरतं कसंतरी करते दातांनी, नाहीतर चमच्याच्या टोकानं. आणि कुठं बाहेर कार्यक्रमाला जायचं असलं तर सकाळपासून पीतच नाही."

"आगं माय!" आया म्हणाली. "आन् काकांना सांगायचं ना! सोडतील की ते. का नाय सोडणार हो काका?" आणि ती मोकळं हसली, हॉलमधल्या दोन बायकाही हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मीच आयुष्यभर लोकांना हसवत आलो होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर दुपारी स्वयंपाकघरात ती दोन्ही हातांत गाळणी धरून चहा गाळत होती. मी विचारलं, "किती घेत होतीस? खरं सांग. गोळ्या."

"तुम्हीच तर आणत होता."

"तरी. रोज किती?"

"सकाळी एक, रात्री एक. थंडीत दुपारी पण. आणि तुमचा कार्यक्रम असला की वर एक." तिनं कप माझ्यासमोर ठेवला. "ह्यावर्षी कार्यक्रम लई झाले तुमचे."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस? त्यांनी तुला विचारलं होतं."

"तुम्ही क्वचित म्हणालात ना. मग मी काय करू, तुम्हाला खोटं पाडू तिथं? त्यांच्या वडलांकडे तुमची पुस्तकं आहेत." ती खुर्चीवर सावकाश बसली. "म्हटलं असू दे. एक सुईच तर आहे."

तो चहा मला पिता आला नाही. ती प्यायली, अर्धा कप. उरलेला अर्धा तिनं कडेला सारला आणि मला पहिल्यांदा कळलं की ती अर्धाच कप का पिते. चाळीस वर्षांच्या संसारात मी समजत होतो की तिला चहा आवडत नाही.

मंगळवारी सकाळी मी एकटा किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. वेळ घेतली नव्हती. खिशात शालींच्या खणातनं काढलेली पाकिटं होती. बसल्या बसल्या मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि ती इतकी चांगली जुळत होती, मध्ये स्वतःवर एक हलकी कोटीसुद्धा होती, की मला स्वतःची किळस आली. आत गेल्यावर मी फक्त पाकिटं टेबलावर ठेवली.

"ह्या गोळ्या," मी म्हणालो. "रोज दोन, कधी तीन. चार वर्षं. मी आणून देत होतो. चिठ्ठीशिवाय. मी त्या दिवशी खोटं बोललो."

डॉक्टरांनी एक पाकीट उलटं करून नाव वाचलं. मग म्हणाल्या, "सर, परवा मी सुई घालणार होते. या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो. आतून रक्त सुरू झालं असतं आणि मला कारण कळलं नसतं, तर?"

मी उरलेली पाकिटं एकावर एक नीट रचली.

"का पण? मला एवढंच कळत नाहीये. मी काय तुम्हाला ओरडणार होते?"

का, ते मी सांगितलं नाही. त्यांचे वडील मला शहाणा समजतात म्हणून, हे सांगायला जेवढा धीर लागतो तेवढा माझ्याकडे नव्हता. मी म्हणालो, "आणखी एक आहे. ती पाणी पीत नाही." आणि नाडीचं सांगितलं. गोळ्यांपेक्षा ते सांगणं जड गेलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"माझ्याकडे अशा कितीतरी बायका येतात," त्या म्हणाल्या. "संधिवात, वाकडे हात. मी सगळ्यांना सांगते, पाणी भरपूर प्या. हे मी कुणालाच विचारलं नव्हतं." मग त्यांनी फाइलमधला ‘क्वचित’ खोडला, वरती तारीख घालून खरा आकडा लिहिला, आणि गुरुवारची बायॉप्सी रद्द केली. आठ आठवडे थांबायचं ठरलं. गोळ्या पूर्ण बंद, पाणी ठरलेल्या मापानं, रक्तदाबाचं औषध, दर पंधरा दिवसांनी तपासणी. "आठ आठवड्यांत खाली आलं तर गोळ्याच होत्या असं धरू. नाही आलं तर सुई आहेच. आणि सांध्यांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या. दुखणं आटोक्यात नसेल तर काकू परत गोळी घेतील. माणूस काय करणार?"

म्हणजे मला त्या दरबारात जायचं होतं.

वेटिंग रूममध्ये एक भिंत वाढली होती; मध्ये पार्टिशन घालून आणखी प्रमाणपत्रांची सोय केली होती. सुवचन तिथेच होतं. डॉक्टर आले, मदतनिसानं दार उघडलं, आणि मी उभा राहिलो. कुणी बघितलं नव्हतं तरी उभा राहिलो. आत त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेऊन एकेक सांधा दाबत राहिले, सगळे, मनगटापासून पायाच्या बोटांपर्यंत. वीसेक मिनिटं. "इथे? इथे किती? ताई, चार वर्षं कुठं होतात तुम्ही?" असं एकदाच विचारलं, आणि तिनं उत्तर द्यायच्या आत पुढच्या बोटाकडे गेले. किडनीला सोसेल असं दुसरं औषध त्यांनी सुरू केलं. निघताना आपल्या नव्या पुरस्काराची पत्रिका प्रत्येक पेशंटला देतात तशी आम्हालाही दिली. सपत्नीक यावे, असं तीवर छापलेलं होतं. माणूस भपकेबाज आहे यात मला आजही शंका नाही. माझा लेख त्या बाबतीत अचूक होता. त्यांना तो माहीत आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचा धीर झालेला नाही.

ते आठ आठवडे मी घरात फार उपयोगी पडण्याचा प्रयत्न केला, आणि बायकोला त्याचा त्रास झाला असावा. ओझरच्या सवयीनं मी तक्ता केला. पाणी किती वाजता, किती, लघवी किती, वजन किती. मुलीनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, आई म्हणजे विमान नाहीये." मी बाजारात जाऊन इलास्टिकचे परकर शिवून आणले. शिंप्याला माप सांगताना लाज वाटली, आणि मग त्या लाजेची लाज वाटली. परकर दिले तेव्हा बायको म्हणाली, "चांगले आहेत," आणि थोड्या वेळानं, "हे चार वर्षांपूर्वीही मिळत होते." एवढंच. ती याहून जास्त काही बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

सातव्या आठवड्यात तिच्या भाचीचं लग्न होतं, निफाडला. मी दिवसभर तिच्याबरोबर होतो. पाण्याची बाटली माझ्या हातात, घड्याळ बघून घोट. बायकांच्या संडासापर्यंत सोडायला जात होतो. तिची एक चुलत बहीण म्हणाली, "काय बाई नशीब, नवरा पाणी घेऊन मागं फिरतोय!" बायको हसली. मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो.

आठव्या आठवड्याच्या शेवटी रिपोर्ट घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधीचे कागद ओळीनं मांडले. दोन पॉइंट चार, दोन पॉइंट दोन, दोन पॉइंट शून्य, एक पॉइंट नऊ, आणि आता एक पॉइंट आठ. प्रोटीन निम्म्यावर. बायॉप्सी तूर्त नको. "बहुतेक गोळ्याच होत्या," त्या म्हणाल्या. "पण काकू, जे गेलं ते सगळं परत येणार नाही. पहिल्यासारखं पॉइंट आठ विसरा. उरलं आहे ते सांभाळायचं, दर तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासायची, जन्मभर."

मी म्हणालो, "नक्की." हिशोबानं मला आनंद व्हायला हवा होता. सुई टळली होती. पण तिची जवळजवळ अर्धी किडनी पंचवटीच्या भाजीच्या पिशवीतून गेली होती, आणि ती पिशवी माझ्या हातात होती.

"मधल्या काळात एकही गोळी नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. ‘एकही नाही’ हे शब्द तयार होते, आणि या वेळी माझ्या समजुतीप्रमाणे ते खरे होते. तक्ता होता माझ्याकडे.

"तुम्ही थांबा," बायको म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून, "दोन घेतल्या. भाचीच्या लग्नात. सकाळी एक आणि वरमाला झाल्यावर एक. चुलत बहिणीकडनं मागून घेतल्या. उभंच राहवत नव्हतं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. पुन्हा असं झालं तर मला फोन करा, आपण दुसरं काही बघू. कोणती गोळी होती?" बायकोनं नाव सांगितलं, बरोबर उच्चारासकट. मग त्या दोघी पाच-सात मिनिटं बोलत राहिल्या. रात्री किती वेळा उठावं लागतं, जिना चढताना काय होतं, कुठला सांधा सकाळी आधी सुटतो. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आम्ही फूटपाथवर उभे होतो. मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस लग्नात? मी तिथेच होतो."

"तुम्ही भाषण केलं असतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर, बाटली हातात घेऊन."

एक रिक्षा आली, पायरी उंच होती. मी हात पुढे केला. तिनं तो न धरता दांडीला कोपर अडकवून स्वतःला वर ओढलं, आणि आत सरकून मला जागा करून दिली.